पाठीतली एपिड्युरलची नळी आणि हृदयाचा बिघडलेला ताल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या ६८ वर्षांच्या वडिलांच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा खंड गाठीमुळे काढायचा आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून नव्हे, तर बरगड्यांमधून छाती उघडून होणार आहे, आणि नंतरच्या वेदनेसाठी पाठीत एपिड्युरलची नळी, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या जागेत वेदनाशामक औषध सोडणारी बारीक नळी, घालण्याच्या संमतिपत्रावर सही मागितली आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या चुलत्यांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांचे ठोके एकाएकी जलद आणि अनियमित झाले, आणि घरातले एक नातेवाईक त्याचा दोष आजही ‘पाठीतल्या सुई’ला देतात. उलट तुमच्या वाचनात असे आले की एपिड्युरलमुळे ठोके बिघडण्याचेच टळते. मग सही करावी की करू नये?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एपिड्युरल वेदनेसाठी योग्य आहे का, हा पहिला. आणि तिचा हृदयाच्या तालाशी काय संबंध, हा दुसरा. छातीच्या शस्त्रक्रियांना भूल देण्याचे काम मी २२ वर्षे करतो आहे, आणि माझे मत आधीच सांगतो. एपिड्युरल घ्यायची ती वेदनेसाठी आणि श्वासासाठी घ्यावी. ताल सांभाळणारे औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये आणि ताल बिघडवणारी म्हणून तिला भिऊही नये. मात्र तुमच्या वडिलांचा इको, फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि पाठीच्या मणक्यांची स्थिती मी पाहिलेली नाही. म्हणून अंतिम शब्द त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांचाच राहील.

आधी चुलत्यांच्या तिसऱ्या दिवसाविषयी. त्यांना बहुधा एट्रियल फिब्रिलेशन झाले असावे, ज्याला आम्ही रोजच्या बोलण्यात नुसते ‘एएफ’ म्हणतो. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांकडे वेळीअवेळी संदेश जात राहतात. नाडी हाताला १३०-१५० लागते आणि दोन ठोक्यांमधले अंतर कधीच सारखे नसते. फुप्फुसाचा एक खंड काढल्यावर साधारण दहातल्या एका-दोघांना हे होते. पूर्ण फुप्फुस काढल्यास प्रमाण त्याहून बरेच जास्त असते. वय हे यातले सर्वांत ठळक कारण आहे. आमच्याकडे जुन्या क्षयरोगाने निकामी झालेला फुप्फुसाचा भाग काढण्यासाठीही पुष्कळ छात्या उघडाव्या लागतात, पण त्यातल्या तिशीतल्या रुग्णाला एएफ झालेले मी क्वचितच पाहिले आहे. सत्तरीच्या जवळ आलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र मी ते गृहीतच धरून चालतो.

हा बिघाड सर्वांत जास्त उद्भवतो तो शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि एपिड्युरलची नळीही सहसा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाठीत असते. म्हणजे नळी घातलेल्या ज्या कोणाला एएफ होईल, त्याला ते बहुतेक वेळा नळी पाठीत असतानाच होणार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि घरच्यांना कावळा तेवढा दिसतो.

मग फांदी मोडते कशाने? कारणे अनेक आहेत आणि ती एकाच वेळी जमून येतात. फुप्फुसांतून शुद्ध रक्त हृदयाकडे आणणाऱ्या शिरांच्या मुखाशी हृदयस्नायूचे तंतू शिरलेले असतात, आणि एएफची ठिणगी बहुतांशी तिथेच पडते, हे फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या हृदयतज्ज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. फुप्फुसाचा खंड काढताना नेमकी त्यातलीच एखादी शीर बांधून कापावी लागते. लसीकाग्रंथी काढताना हृदयाकडे जाणाऱ्या बारीक चेतातंतूंना धक्का लागतो. रक्ताला वाहायला फुप्फुसाचा भाग कमी उरल्याने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. शस्त्रक्रियेचा दाह अंगभर पसरतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असतो. त्यात कमी पडलेला प्राणवायू, घसरलेले पोटॅशियम, वेदना, आणि वेदनेमुळे उसळलेले ॲड्रिनलिन यांची भर पडते. एपिड्युरलचा हात पोचतो तो या यादीतल्या शेवटच्या दोन-तीन गोष्टींपर्यंतच.

तो कसा पोचतो हे पाहिले की तुमच्या वाचनातला दावा कुठून आला तेही कळते. हृदयाला वेग देणारे अनुकंपी चेतातंतू छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूतून बाहेर पडतात. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही नळी घालतो ती छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास, म्हणजे दोन खांदेफळांच्या मधोमध. तिथून बधिर करणारे औषध, बहुधा बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन, वर-खाली पसरते आणि बरगड्यांच्या चेतांबरोबर हृदयाकडे जाणाऱ्या त्या अनुकंपी तंतूंनाही काही अंशी गप्प करते. ॲड्रिनलिनचा चाबूक थांबला की वरचे कप्पे शांत राहावेत, असा हा तर्क आहे.

तर्क चांगला आहे, पण त्याला अटी आहेत. नळीतून नुसते मॉर्फिनच दिले तर वेदना कमी होते, पण अनुकंपी तंतू जागेच राहतात. एपिड्युरलमधून बुपिव्हॅकेन दिलेल्या आणि एपिड्युरलमधूनच मॉर्फिन दिलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या एका छोट्या अभ्यासात बुपिव्हॅकेनच्या गटात तालाचे बिघाड कमी आढळले होते, ते याच तर्काला धरून आहे. नळी कमरेत घातली तर परिणाम उलटही होऊ शकतो. खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि तो सावरण्यासाठी शरीर वरच्या, म्हणजे हृदयाकडच्या अनुकंपी तंतूंना आणखी जोर लावायला लावते. त्यामुळे ‘एपिड्युरल होती’ एवढ्या नोंदीवरून हृदयाच्या बाबतीत काहीच ठरत नाही. ती कोणत्या मणक्यापाशी होती, तीत कोणते औषध होते आणि मुळात ती चालत होती का, हे कळायला हवे.

या तिसऱ्या अटीवर थोडे थांबतो, कारण पुष्कळ गोष्टी तिथेच फसतात. शस्त्रक्रियेच्या संध्याकाळी मी स्पिरिटचा बोळा घेऊन रुग्णाजवळ जातो. आधी तो त्याच्या कपाळाला लावतो, म्हणजे ‘गार’ म्हणजे नेमके किती गार हे त्याला कळते. मग गळपट्टीच्या हाडाखालून एकेक बरगडी उतरत विचारत जातो, “काका, इथे तितकंच गार लागतंय का?” ज्या बरगडीपाशी ते म्हणतात, “नाही, इथे नुसता ओला हात फिरल्यासारखं वाटतंय,” तिथे औषधाची हद्द सुरू होते आणि गारवा परत लागू लागतो तिथे ती संपते. कधी ही हद्द सुंदर जुळलेली असते. कधी उजवी छाती उघडलेली असते आणि बधिरता सगळी डावीकडे असते. कधी पहिल्या दिवशी उत्तम चाललेली नळी रुग्णाला खुर्चीत बसवताना दोन सेंटिमीटर बाहेर सरकते आणि चिकटपट्टीखाली ते कोणाच्याही लक्षात येत नाही. अशा अर्धवट चाललेल्या नळ्याही अभ्यासांत ‘एपिड्युरल गट’ म्हणूनच मोजल्या जातात. काही अभ्यासांत एएफ कमी झालेले दिसते आणि काहींत फरकच दिसत नाही, यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते. दुसरे कारण अधिक साधे आहे. शिरेवरची जखम, उजव्या बाजूवरचा ताण आणि दाह यांना एपिड्युरल हात लावत नाही.

दाहावरच्या औषधाचीही कथा फार वेगळी नाही. कोल्चिसिन या जुन्या औषधाने छातीच्या शस्त्रक्रियेनंतरचे एएफ टळते का, हे पाहण्यासाठी १४ देशांतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. कोल्चिसिन घेतलेल्यांत एएफचे प्रमाण ६.४ टक्के होते, न घेतलेल्यांत ७.५ टक्के. हा फरक निर्णायक ठरण्याइतका नव्हता, आणि जुलाब मात्र वाढले. अनेक कारणांनी होणारी गोष्ट एका उपायाने आटोक्यात येत नाही, हा धडा मी त्यातून घेतला.

आता एपिड्युरलची दुसरी बाजू, जी संमतिपत्रावर एका ओळीत असते: ‘रक्तदाब कमी होऊ शकतो’. जे औषध हृदयाचा चाबूक थांबवते, तेच रक्तवाहिन्याही सैल करते. इतर शस्त्रक्रियांत अशा वेळी आम्ही सलाइन वाढवतो, पण फुप्फुस कापलेल्या रुग्णाला सलाइन हात राखून द्यावे लागते. जास्तीचे पाणी उरलेल्या फुप्फुसात साचते आणि हृदयाचे वरचे कप्पेही ताणते. म्हणून अशा रुग्णांत आम्ही एपिड्युरलच्या नळीतून औषध सोडणाऱ्या पंपाचा वेग थोडा उतरवून रक्तवाहिन्या आवळणारे औषध अगदी कमी मात्रेत चालू करणे पसंत करतो.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा ज्या रुग्णालयात होतो तिथे एका निवृत्त शिक्षकांच्या डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढला होता. दुसऱ्या रात्री एकच्या सुमारास त्यांचा वरचा रक्तदाब ८६ झाला. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने एपिड्युरलचा पंप बंद केला, पण त्याऐवजी वेदनेसाठी दुसरे काही लिहून ठेवले नाही आणि मलाही कळवले नाही. चारच्या सुमारास फोन आला तो नाडी १४८ झाल्याचा. मी पोचलो तेव्हा सर घामाने भिजले होते, एका हाताने छातीतल्या निचऱ्याच्या नळीची बाजू दाबून धरून वरवरचा श्वास घेत होते, आणि मॉनिटरवरच्या लहरी मनाला येईल तशा पडत होत्या. शिकाऊ डॉक्टरांना हा प्रसंग सांगताना मी बरीच वर्षे ‘पंप बंद केला म्हणून एएफ झाले’ असेच सांगत असे. नंतर एकदा केसपेपर पुन्हा वाचले. संध्याकाळी त्यांना लघवी वाढवणारे इंजेक्शन दिले होते, आणि पहाटेच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी, आले होते. आता खरे कारण कोणते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वेदना असेल, पोटॅशियम असेल, किंवा तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा ठरलेला मुहूर्तच असेल. पंप तसा बंद करायला नको होता, हे मात्र आजही म्हणतो, कारण ताल बिघडला नसता तरी त्या तीन तासांत त्या माणसाला खोकता आले नव्हते.

एपिड्युरलची माझ्या मते खरी कमाई खोकल्यात आहे. उघडलेल्या छातीचे दुखणे प्रत्येक श्वासाला होते. रुग्ण दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही, कफ तळाशी साचतो, फुप्फुसाचा भाग बसतो, प्राणवायू घसरतो, आणि घसरलेला प्राणवायू हृदयालाही डिवचतो. वेदना आटोक्यात असेल तर रुग्ण श्वासाच्या व्यायामाच्या त्या तीन चेंडूंच्या खेळण्यात निदान दोन चेंडू वर उचलतो, फिजिओथेरपिस्टबरोबर कॉरिडॉरमध्ये चालतो आणि छातीला उशी धरून नीट खोकतो. ताल सांभाळण्यात एपिड्युरलचा जो काही हातभार असेल, तो मला अनुकंपी तंतूंपेक्षा या वाटेने आलेला जास्त वाटतो. हे माझे मत आहे. पुराव्याने सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

आणि हीच वाट दुसऱ्या पद्धतींनीही गाठता येते. कण्याच्या एकाच बाजूला, चेता बाहेर पडतात त्या जागी औषध देण्याच्या पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकने छाती उघडलेल्या रुग्णांना जवळजवळ एपिड्युरलइतकाच आराम मिळतो. शिवाय रक्तदाब उतरणे, लघवी अडकणे आणि मळमळणे हे त्रास कमी होतात. २०१६ मध्ये वर्णन झालेला, पाठीच्या स्नायूखाली औषध सोडण्याचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक घालायला आणखी सोपा आहे, पण मोठ्या छेदासाठी मला तो काहीसा तोकडा वाटतो. तुमच्या वडिलांची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून असती तर मी एपिड्युरल बहुधा सुचवलीच नसती. तुमच्या भूलतज्ज्ञांचा हात पॅराव्हर्टिब्रलवर अधिक बसलेला असेल आणि त्यांनी तीच सुचवली, तर कमी प्रतीचे काही मिळते आहे असे समजू नका.

आता अशा एका गोष्टीकडे येतो जी तुम्ही विचारलेली नाही, पण एपिड्युरल आणि एएफ यांची सर्वांत गंभीर गाठ तिथेच पडते. थरथरणाऱ्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून एएफ ४८ तासांहून अधिक टिकले तर रक्त पातळ करणारे औषध पूर्ण मात्रेत सुरू करण्याचा विचार होतो. तुमच्या वडिलांचे वय ६५ ते ७४ मध्ये बसते, त्याचा एक गुण; रक्तदाबाचा आजार आहे, त्याचा दुसरा. म्हणजे धोक्याच्या मोजणीत ते सुरुवातीलाच दोन गुणांवर आहेत, आणि हा विचार त्यांच्या बाबतीत गंभीरपणे करावा लागेल. पण पाठीत नळी असताना असे औषध चालू करणे, किंवा औषधाचा अंमल असताना नळी ओढून काढणे, दोन्ही धोक्याचे आहे. मज्जारज्जूभोवतीच्या जागेत रक्तस्राव झाला तर तिथे पसरायला वाव नसतो, आणि साचलेले रक्त मज्जारज्जूला दाबते.

हे दुर्मिळ आहे, पण ते टळते घड्याळाच्या शिस्तीनेच. गुठळी टाळण्यासाठी रोज एकदा पोटात देतात त्या ४० मिलिग्रॅम एनॉक्झापॅरिनच्या इंजेक्शननंतर निदान १२ तास नळीला हात लावायचा नाही, आणि नळी काढल्यानंतर पुढचे इंजेक्शन निदान ४ तासांनी द्यायचे. ॲपिक्झाबॅनसारखी रक्त पातळ करणारी गोळी तर नळी पाठीत असताना देऊच नये. ती नळी काढल्यावर निदान ६ तासांनी सुरू करावी. हृदयतज्ज्ञ राउंडला येतात, ईसीजी पाहतात आणि औषध लिहून जातात. त्यांची नजर छातीवर असते आणि नळी पाठीमागे पांढऱ्या पट्टीखाली असते. म्हणून आमच्याकडे मी केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘एपिड्युरल नळी आहे’ असे लिहून ठेवतो, आणि एएफ झाल्याचे कळले की सर्वांत आधी नळी कधी काढायची ते ठरवतो. नळी असताना किंवा काढल्यानंतरच्या दिवसांत पाय अचानक जड पडले, पाठीत नवीनच कळ सुरू झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर ते सकाळच्या राउंडपर्यंत थांबवू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना बोलावून घ्या. तातडीने एमआरआय करून दाब मोकळा केला तर पाय वाचतात, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

ताल सांभाळण्यासाठी एपिड्युरलपेक्षा अधिक भरवशाच्या गोष्टी तशा साध्या आहेत. तुमचे वडील रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घेतात असे तुम्ही लिहिले आहे. ती गोळी खंड न पडता चालू राहिली पाहिजे, कारण ती एकाएकी तोडली की दबलेली अनुकंपी यंत्रणा दुप्पट जोराने उसळते. उलट, जो रुग्ण ती कधीच घेत नव्हता त्याला शस्त्रक्रियेच्या तोंडावर मोठ्या मात्रेत सुरू करू नये. २००८ मध्ये जाहीर झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत अशाने हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज तपासून कमतरता भरून काढावी. पोटॅशियम वरच्या हद्दीला नेऊन ठेवण्याचा अट्टाहास मी अलीकडे सोडला आहे, कारण २०२४ मध्ये बायपासच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा जादा फायदा दिसला नाही. पण ३.१ म्हणजे ३.१ च.

आणि इतके करूनही एएफ झालेच, तर घाबरून जाऊ नका. रक्तदाब टिकून असेल तर आधी ठोक्यांचा वेग ११० च्या खाली आणतात. त्यासाठी मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम वापरतात, कधी अमिओडॅरोनही देतात. पूर्ण फुप्फुस काढलेल्या रुग्णाला अमिओडॅरोन देताना मी दोनदा विचार करतो, कारण ते फुप्फुसालाच इजा करू शकते. एका खंडाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांसाठी दिले तर मला तितकी धास्ती वाटत नाही. रक्तदाब कोसळला तरच शॉक देण्याची वेळ येते. बहुतेकांचा ताल काही दिवसांत, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांचा चार ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतो. तुमच्या चुलत्यांच्या गोळ्या पुढे बंद झाल्या असतील तर त्यांचेही असेच झाले असावे.

सही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा. नळी छातीच्या पातळीवर घालणार का आणि तीत बधिर करणारे औषध असेल का? रात्री रक्तदाब उतरला तर पंपाविषयीचा निर्णय कोण घेणार आणि वेदनेसाठी पर्याय म्हणून काय लिहून ठेवलेले असेल? एएफ झाले तर नळी आणि रक्त पातळ करणारे औषध यांचे वेळापत्रक कोण सांभाळणार? उत्तरे नीट मिळाली तर मी तुमच्या जागी सही केली असती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, रात्री वॉर्डात ते सांभाळणारे कोणी नाही असे दिसले, तर पॅराव्हर्टिब्रलचा आग्रह धरला असता. वडील क्लोपिडोग्रेलसारखी, गुठळी होऊ न देणारी गोळी घेत असतील तर ते आजच सांगा, कारण एपिड्युरलसाठी ती पाच ते सात दिवस आधी बंद करावी लागते, आणि ती कोणी बंद करायची हे हृदयतज्ज्ञांना विचारूनच ठरते. नुसती ॲस्पिरिन असेल तर एपिड्युरलला अडचण नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘सकाळपासून काही द्यायचे नाही’ असे सिस्टर सांगतील, आणि घरचे लोक त्यात मेटोप्रोलॉलही धरतात. त्या सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे आदल्या संध्याकाळीच भूलतज्ज्ञांकडून केसपेपरवर लिहून घ्या. बहुतेक वेळा उत्तर ‘द्या’ असेच असते.